नक्षीदार मातीच्या भांड्याचे जलरंगचित्र कसे पाहावे

पांढऱ्या कागदाच्या मधोमध एक पिवळसर थाळी, तिच्यावर तांबूस रेघांनी कोरलेली तीन ट्यूलिपची फुले, त्यांच्या पानांवरून ओघळलेला हिरवा रंग, काठाला उडालेला एक टवका, आणि भोवती काहीही नाही. ना टेबल, ना पडदा, ना भिंत. असे चित्र प्रथमच समोर आले की ते छायाचित्र असावे असे बहुतेकांना वाटते. खाली ‘जलरंग’ असे लिहिलेले वाचल्यावर ‘किती हुबेहूब!’ असा उद्गार निघतो आणि पाहणारा पुढच्या चित्राकडे वळतो. माझेही पहिली काही वर्षे असेच होत असे. ‘हुबेहूब’ म्हणून झाले की डोळे काम थांबवतात, आणि या प्रकारच्या चित्रात पाहण्याजोगे ते सारे तिथून पुढे असते, कारण त्यात दोन माणसांचे हात एकावर एक आलेले असतात: भांडे घडवून त्यावर नक्षी काढणाऱ्या कुंभाराचा, आणि शंभर-दीडशे वर्षांनी त्या भांड्यासमोर कुंचला घेऊन बसलेल्या चित्रकाराचा. कोणती रेघ कुणाची हे वेगळे करता येऊ लागले, म्हणजे चित्र पाहता येऊ लागले असे समजावे. पुढील पायऱ्या त्यासाठी आहेत.

पहिली पायरी: हे चित्र कशासाठी काढले गेले ते समजून घ्यावे

अशा चित्रांचा मोठा आणि नवख्याला सहज पाहता येणारा साठा म्हणजे ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’. महामंदीच्या काळात अमेरिकेच्या केंद्र सरकारने बेकार कलावंतांना काम मिळावे म्हणून ‘फेडरल आर्ट प्रोजेक्ट’ हा उपक्रम सुरू केला. होल्गर कॅहिल हे त्याचे राष्ट्रीय संचालक होते. त्याच उपक्रमाचा एक भाग म्हणून १९३५ ते १९४२ या काळात अमेरिकेतील जुन्या घरगुती आणि हस्तकलेच्या वस्तूंची चित्रे काढून घेण्यात आली. या कल्पनेचे श्रेय न्यू यॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या चित्रसंग्रहाच्या प्रमुख रोमाना जाविट्झ आणि वस्त्रकलेत काम करणाऱ्या रूथ रीव्ह्ज यांना दिले जाते. रजया, बाहुल्या, पेट्या, हवेची दिशा दाखवणारे पत्र्याचे कोंबडे आणि मातीची भांडी अशा वस्तूंची सुमारे १८,००० चित्रे त्यातून तयार झाली. ती १९४३ साली वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टकडे आली आणि आजही तिथेच आहेत.

हे काम कॅमेऱ्याने का केले नाही, हा प्रश्न स्वाभाविक आहे. रंगीत छायाचित्रण त्या वेळी महाग होते आणि त्याच्या रंगांचा भरवसा नव्हता. कृष्णधवल छायाचित्रात तांबड्या मातीची ऊब आणि हिरव्या रंगाचा ओघळ यांतले काहीच उरत नसे. शिवाय चकाकणाऱ्या झिलईवर कॅमेऱ्याला खिडकीचे प्रतिबिंब दिसते आणि त्याखालची नक्षी झाकली जाते, तर चित्रकार ते प्रतिबिंब लहान करून नक्षी मोकळी ठेवू शकतो. म्हणजे हे चित्र नोंद म्हणून काढलेले आहे, आणि चित्रकाराने स्वतःची शैली बाजूला ठेवावी ही या कामाची पहिली अट होती. न्यू यॉर्कमध्ये आठवड्याला २४ डॉलरच्या आतबाहेर मजुरी घेऊन एकेका भांड्यापुढे कित्येक दिवस बसलेल्या या माणसांनी स्वतःला कसे मागे ठेवले, आणि तरीही ती कुठे कुठे दिसतात, हे पाहण्यात मोठी गंमत आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात ठेवावी. या संग्रहातून अमेरिकेतील मूलनिवासी जमातींची कला जाणीवपूर्वक वगळलेली होती, कारण ते क्षेत्र मानववंशशास्त्रज्ञांचे मानले जाई. त्यामुळे नैर्ऋत्येकडील प्वेब्लो लोकांची विख्यात भांडी इथे शोधू नयेत. इथे आहे ती प्रामुख्याने युरोपातून येऊन वसलेल्या लोकांच्या घरांतली भांडी, आणि त्यांत सर्वांत देखणी म्हणजे पेनसिल्व्हेनियातील जर्मनभाषकांची. पुढचे बरेचसे विवेचन त्यांच्याच थाळ्यांवर बेतलेले आहे.

दुसरी पायरी: नोंद वाचावी, पण दोन तारखांची गल्लत करू नये

गॅलरीच्या संकेतस्थळावर प्रत्येक चित्राबरोबर चित्रकाराचे नाव, साधन, कागदाचे माप आणि १९४३.८ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक दिलेला असतो. नवखा हमखास फसतो तो तारखेपाशी. थाळीवर १७८६ असे कोरलेले असते आणि नोंदीत १९३५/१९४२ असे लिहिलेले असते; पहिले साल थाळीचे, दुसरे चित्राचे. चित्र नेमके कोणत्या वर्षी झाले हे ठाऊक नसले की संपूर्ण उपक्रमाचा कालावधी लिहिण्याची तिथे पद्धत आहे. तसेच कागदाचे माप आणि मूळ वस्तूचे माप ही दोन्ही वेगवेगळी पाहावीत. या थाळ्यांचा व्यास साधारण ३० सेंटिमीटरच्या आसपास असतो. चित्रातली थाळी त्याहून लहान असेल तर रेघेची जाडी मनातल्या मनात वाढवून पाहावी लागते, नाहीतर कुंभाराची ठसठशीत रेघ उगाच नाजूक वाटते.

साधनाच्या रकान्यात जलरंग, पेन्सिल आणि अपारदर्शक रंग अशी तीन नावे एकत्र दिसली तर ती नोंद जपून ठेवावी. पाचव्या पायरीवर ती उपयोगी पडेल.

ही चित्रे मोठ्या आकारात विनामूल्य उतरवून घेता येतात. ती मोबाइलवर पाहू नयेत. मोठ्या पडद्यावर, पडद्याची झळाळी थोडी कमी करून आणि डोळ्यांना आराम देणारा पिवळा रात्रीचा प्रकाश बंद करून पाहावीत, कारण ज्या चित्राचा सगळा प्राण पिवळ्या-तपकिरी छटांत आहे त्यावर आणखी एक पिवळा थर चढला तर पाहण्यासारखे काही उरत नाही.

तिसरी पायरी: पहिली पाच मिनिटे लांबूनच

मोठे करून पाहण्याचा मोह आवरावा. संपूर्ण चित्र पडद्यावर मावेल असे ठेवून आधी केवळ बाह्यरेषा पाहावी. थाळी समोरून दाखवलेली असेल तर ती वर्तुळ असणार, पण कंपासने काढल्यासारखे नेटके वर्तुळ नसणार, कारण लाटलेली माती साच्यावर दाबून घडवलेली थाळी कुठेतरी किंचित चेपलेली असतेच. चित्रकाराने हा चेप राखला आहे का, हे पाहावे. ज्याने राखला, त्याने भांडे मोजून, निरखून काढले. ज्याचे वर्तुळ अगदी गोल आहे, त्याने डोळ्यांऐवजी उपकरणावर विसंबून काम उरकले. बरणी किंवा घडा असेल तर तोंडाचा आणि बुडाचा लंबगोल पाहावा. आपण वरून पाहत असलो तर बुडाचा लंबगोल तोंडाच्या लंबगोलापेक्षा अधिक फुगीर असायला हवा, आणि हे ज्याला जमलेले नाही त्याची बरणी कागदावर उभी राहत नाही, लटकते.

त्यानंतर सावली शोधावी. कित्येक चित्रांत ती नाहीच, काहींत बुडाशी एक पुसटशी छटा आहे. तेवढ्यावरून उजेड कुठून येतो हे ठरवून ठेवावे. बहुधा तो डावीकडून वरून येतो. पुढच्या पायऱ्यांवर हे लागणार आहे.

चौथी पायरी: कुंभाराचे काम ओळखावे

आता मोठे करून पाहायला हरकत नाही, मात्र चित्रकाराला तूर्त विसरावे. भांडे कसे झाले असेल ते थर उलगडत पाहावे.

सर्वांत खाली तांबडी माती असते. तिच्यातील लोहामुळे ती भाजल्यावर विटेसारखी लाल होते आणि तिचे भांडे सच्छिद्र राहते. त्यावर पांढऱ्या मातीचा पातळ लेप दिलेला असतो. या लेपाला कुंभारकाम करणारे ‘स्लिप’ म्हणतात. लेप अर्धवट सुकला, म्हणजे भांडे कातड्यासारखे टणक पण अजून ओलसर असले, की टोकदार काडीने नक्षी कोरली जाते. जिथे काडी फिरते तिथला पांढरा लेप निघून जातो आणि खालची तांबडी माती उघडी पडते. या पद्धतीला ‘स्ग्राफितो’ हे इटालियन नाव आहे, त्याचा अर्थच खरवडलेले असा होतो. मग पानाफुलांवर तांब्याच्या क्षाराचे हिरवे ठिपके दिले जातात आणि सर्वांवर शिशाची झिलई चढवून भांडे भट्टीत जाते. शिशाची झिलई विषारी असते, ही गोष्ट वेगळी. दिसायला मात्र ती मधासारखी असते, आणि तिच्यामुळेच मुळात पांढरा असलेला लेप आपल्याला पिवळसर दिसतो.

हिरवा रंग रेघेबाहेर ओघळलेला पाहून कुंभाराचा हात हलला असे वाटते, पण तसे नाही. तांबे वितळलेल्या झिलईत विरघळते आणि तिच्याबरोबर वाहते. त्यामुळे हिरव्याची कड पसरलेली आणि तांबड्या रेघेची कड करकरीत, असे दोन प्रकारचे काठ एकाच फुलात शेजारी शेजारी दिसतात. एक रेघ हाताने काढलेली आहे, दुसरा डाग आगीने काढलेला आहे. चित्र पाहताना हा फरक एकदा दिसला की तो पुन्हा नजरेआड होत नाही.

दुसरी पद्धत याच्या उलट आहे. तिच्यात लेप खरवडत नाहीत. लहान भांड्याला बसवलेल्या पिसाच्या नळीतून पांढरा लेप तांबड्या मातीवर धारेने सोडतात, आणि ती रेघ किंचित उठून राहते. मग चित्रात रेघ कोरलेली आहे की उठलेली, हे कसे ओळखावे? इथे आधी ठरवून ठेवलेला उजेड कामाला येतो. उजेड डावीकडून वरून असेल तर कोरलेल्या खाचेची वरची डावी कड अंधारात असते आणि खालची उजवी कड उजळते. उठलेल्या रेघेचे नेमके उलट होते. चांगल्या चित्रकाराने केसाएवढ्या जाडीत हा फरक नोंदवलेला असतो. थाळीवरच्या एखाद्या देठावर थांबून तेवढाच भाग मोठा करून पाहावा. तांबड्या रेघेच्या एका बाजूला गडद तपकिरी बारीक धागा आणि दुसऱ्या बाजूला फिका पिवळा धागा सापडला, तर तुमच्यासमोर खाच आहे.

नक्षीचे विषय ठरावीक असतात: ट्यूलिप, डाळिंब, पक्षी, हृदय, घोडेस्वार. ट्यूलिप इतके असतात की अशा भांड्यांना ‘ट्यूलिप वेअर’ असेच नाव पडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत संग्राहक या थाळ्या जर्मनीतून आणलेल्या समजत. त्या पेनसिल्व्हेनियातच घडल्या हे मातीच्या भांड्यांचे अभ्यासक एडविन अ‍ॅटली बार्बर यांनी शोधून काढले आणि १९०३ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. तिथल्या बक्स परगण्यातील कुंभार डेव्हिड स्पिनर हा माणसांची आणि घोड्यांची चित्रे कोरण्यात वाकबगार होता, तर मॉन्टगोमेरी परगण्यातील गेओर्ग ह्यूबनरच्या थाळ्यांवर काठाभोवती अक्षरांच्या ओळी फिरतात. या लोकांना ‘पेनसिल्व्हेनिया डच’ म्हणत असले तरी त्यांचा हॉलंडशी संबंध नाही, ते जर्मनभाषक होते.

पाचवी पायरी: चित्रकाराचे काम ओळखावे

या पायरीवर घाई करू नये, कारण सगळे चित्र इथेच आहे.

पहिली गोष्ट अशी की चित्रकाराला कुंभाराच्या कृतीचा क्रम उलटा करावा लागतो. कुंभाराची रेघ काढून टाकण्यातून झाली: वर पांढरे होते, ते खरवडले, खालचे तांबडे दिसले. चित्रकाराकडे खाली पांढरा कागद असतो आणि रंग वर चढत जातो, म्हणून तीच रेघ त्याला घालावी लागते. कुंभाराने काडी एका दमात ओढली असेल, कारण ओल्या मातीत थबकले की कड फाटते; चित्रकाराने मात्र ती रेघ बारीक कुंचल्याने, इंच इंच पुढे सरकत, दोन-तीन वेळा रंग देऊन उभी केली. सावकाश काढलेली रेघ वेगाने काढल्यासारखी दिसायला हवी, ही या चित्रांची खरी परीक्षा आहे, आणि ती सर्वांना साधलेली नाही. तपासणीसाठी रेघेची दोन टोके पाहावीत. काडी टेकते तिथे रेघ जरा रुंद आणि खोल असते, उचलली जाते तिथे निमुळती होते, वळणावर एका बाजूला लेपाची बारीक कपची उडालेली असते. हे सगळे चित्रात असेल तर चित्रकाराने रेघेचा वेग वाचला होता. रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जाडीची असेल तर त्याने केवळ तिचा मार्ग गिरवला. संग्रहात दोन्ही प्रकारची चित्रे आहेत, आणि सगळीच थोर आहेत असे मानण्याची गरज नाही. काही तर शाळकरी आणि निर्जीव आहेत.

दुसरी गोष्ट झिलईची. वस्तूंची अचूक नोंद करण्याची जी रीत या कलावंतांना शिकवली गेली, तिच्यात बोस्टनच्या ललितकला संग्रहालयातील सुझॅन चॅपमन यांचा मोठा वाटा होता. त्या तिथल्या इजिप्तविषयक विभागात काम करत आणि पुरातन वस्तूंची चित्रे काढण्याची शिस्त त्यांच्या हातात मुरलेली होती. पातळ पारदर्शक थर एकावर एक चढवत जायचे आणि कागदाचा पांढरेपणा आतून उजळत ठेवायचा, हा जलरंगाचा स्वभावच इथे कामी येतो. भट्टीत जाण्यापूर्वी कुंभार सर्व नक्षीवर जी पारदर्शक झिलई देतो तिच्यासारखाच, कागदावर सगळे वाळल्यानंतर दिलेला मधाळ रंगाचा पातळ वॉश, म्हणजे भरपूर पाण्यात कालवलेल्या रंगाचा सलग थर, खालच्या सर्व थरांना एका उबेत बांधून घेतो. मातीच्या झिलईदार भांड्याला तैलरंगापेक्षा जलरंग शोभतो तो यामुळे, असे माझे मत आहे. थाळीच्या खोलगट भागात हा मधाळ रंग थोडा दाट दिसतो का ते पाहावे. झिलई वितळून तिथे साचते, आणि कागदावर तो दाटपणा आणण्यासाठी चित्रकाराला त्याच जागी आणखी एक-दोन थर द्यावे लागतात.

तिसरी गोष्ट चकाकीची. झिलईवर उजेड पडला की एखादा पांढरा ठिपका किंवा पट्टा चमकतो. तो दोन प्रकारे आणता येतो: एक तर रंग देताना तेवढा कागद कोरा राखायचा, किंवा शेवटी अपारदर्शक पांढरा रंग वरून ठेवायचा. राखलेल्या पांढऱ्याच्या कडेला आजूबाजूचा रंग साचून एक अगदी बारीक गडद रेघ तयार झालेली असते आणि पांढरा रंग कागदाच्याच उबदार छटेचा दिसतो. वरून ठेवलेला पांढरा किंचित निळसर, खडूसारखा आणि खालच्या रंगावर बसल्यासारखा दिसतो. यातला एक प्रकार उच्च आणि दुसरा हलका असे समजू नये. तांब्याच्या हिरव्यावर पडलेली सुईच्या टोकाएवढी चमक राखून ठेवणे जवळजवळ अशक्य असते, तिथे वरून ठेवणेच शहाणपणाचे. मी एकदा झिलईच्या एका वाडग्याचे चित्र काढायला बसलो होतो. चकाकीची जागा राखायला विसरलो, पुसून काढायला गेलो तर कागद उकलला, आणि शेवटी पांढरा रंग लावला तो वाळल्यावर वाडग्याला कोड फुटल्यासारखे दिसू लागले. त्यानंतर या चित्रांतल्या राखलेल्या पांढऱ्या ठिपक्यांकडे मी निराळ्या नजरेने पाहतो.

चौथी गोष्ट म्हणजे पेन्सिल. काठाजवळ किंवा अक्षरांखाली कुठेतरी करड्या रेघेचा मागमूस उरलेला असतो. तो शोधावा. तिथे चित्रकाराने रंग देण्यापूर्वी जागा आखून घेतली होती, आणि पुष्कळदा रंगाची रेघ त्या आखणीपासून जराशी सरकलेली दिसते. म्हणजे आखून झाल्यावर त्याने पुन्हा एकदा भांड्याकडे पाहिले आणि स्वतःची चूक सुधारली.

सहावी पायरी: टवका आणि तडा

काठावरचा टवका पाहण्यासाठी वेगळा वेळ ठेवावा. भांड्याची रचना उघडी पडते अशी ती एकमेव जागा असते. नीट रंगवलेल्या टवक्यात तीन पट्टे दिसतात: सर्वांत वर झिलईची काचेसारखी कड, तिच्याखाली पांढऱ्या लेपाची सुतासारखी रेघ, आणि मग लाल, खरखरीत, अजिबात न चमकणारी माती. झिलई चमकते आणि माती चमकत नाही, म्हणून इथे चित्रकार एकदम पद्धत बदलतो. ओले वॉश सोडून जवळजवळ कोरड्या कुंचल्याने रंग घासत नेतो, आणि कागदाचा खडबडीतपणाच मातीचा पोत होतो. चौरस सेंटिमीटरभर जागेत केलेला हा बदल सबंध चित्राचा खरेपणा ठरवतो. टवका रंगवताना ज्याने सगळीकडे एकच तपकिरी रंग भरला, त्याला भांडे आतून कसे आहे हे कळलेले नव्हते.

तडे दोन प्रकारचे असतात. झिलईत पडलेली जाळी केसासारखी बारीक आणि सगळीकडे पसरलेली असते, तर भांड्याला गेलेला तडा एकटा असतो, काठापासून सुरू होतो आणि नक्षीची पर्वा न करता आरपार जातो. नक्षीची रेघ आणि तडा जिथे एकमेकांना छेदतात तिथे थांबून पाहावे. कोरलेली रेघ तड्याच्या खाली जायला हवी, कारण ती आधी झाली.

सातवी पायरी: अक्षरे

काठाभोवती फिरणारी ओळ वाचता आली नाही तरी तिचा शेवट आवर्जून पाहावा. कुंभार मोकळेपणाने सुरुवात करतो, आणि वर्तुळ पुरे होत आले की जागा संपत आल्याचे ध्यानात येऊन अक्षरे दाटीवाटीने बसवतो. ही दाटी चित्रकाराने जशीच्या तशी ठेवली असेल तर त्याचे कौतुक करावे, कारण अक्षरे सुधारून लिहिण्याचा मोह मोठा असतो. मजकूर बहुधा दोन ओळींच्या यमकाचा असतो. अशा थाळ्यांवर आढळणाऱ्या एका जर्मन यमकाचा आशय असा आहे की माती आणि अक्कल यांच्या बळावर कुंभार हवे ते घडवतो. शुद्धलेखन बोलीतले आणि अनियमित असते. अक्षरांचा अर्थ न कळता त्यांचे केवळ आकार उतरवण्यात एखादे अक्षर चुकलेले असू शकते, म्हणून जर्मन येणाऱ्यांनी चित्रावरून ओळीचे वाचन करताना सावध राहावे.

आठवी पायरी: मिठाच्या झिलईची भांडी

थाळ्यांची सवय झाल्यावर करड्या रंगाच्या, निळी नक्षी असलेल्या बरण्यांची आणि घड्यांची चित्रे पाहायला घ्यावीत. ही माती वेगळी असते आणि १२०० अंश सेल्सिअसच्या वर भाजली जाते. भट्टी ऐन तापलेली असताना तिच्यात मीठ टाकतात. त्याच्या वाफेतील सोडियम मातीतल्या सिलिकाशी एकजीव होऊन भांड्यावर काचेचा पातळ थर बसतो, आणि त्या थराला संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे असतात. निळा रंग कोबाल्टचा असतो, कारण एवढ्या उष्णतेत टिकून राहणारे रंग मोजकेच. व्हर्माँटमधील बेनिंग्टन आणि न्यू यॉर्क राज्य ही अशा भांड्यांची प्रसिद्ध ठिकाणे. पुढच्या बाजूस उमटवलेला २ किंवा ३ हा आकडा बहुधा भांड्यात किती गॅलन मावतात ते सांगतो. एक अमेरिकन गॅलन म्हणजे सुमारे ३.८ लिटर.

इथे पाहायचे ते एवढेच: निळा पक्षी करड्या पृष्ठभागावर बसल्यासारखा दिसतो की त्यात मुरल्यासारखा. तो मुरलेला दिसायला हवा, कडांना जरासा विरघळलेला, जाड रेघेच्या मधोमध जवळजवळ काळा. संत्र्याच्या सालीचा पोत सगळीकडे सारखा रंगवलेला असेल तर ते चित्र दुय्यम समजावे. उजेड जिथे तिरपा पडतो, म्हणजे फुगीर पोटाच्या कडेला, तिथेच खळगे ठळक दिसतात. समोरच्या भागात ते जवळपास नाहीसे होतात.

नववी पायरी: चित्राला प्रश्न विचारावा

काही भांडी आजही संग्रहालयांत आहेत आणि त्यांची रंगीत छायाचित्रे पाहायला मिळतात. चित्र आणि छायाचित्र शेजारी ठेवता आले तर छायाचित्र बरोबर आणि चित्र चूक असा हिशेब मांडू नये. चित्रात काय कमी केले आहे ते पाहावे: खिडकीचे प्रतिबिंब, धुळीचा थर, मागचे टेबल. काय वाढवले आहे तेही पाहावे. नक्षी सगळीकडे सारख्याच उजेडात दिसते, जशी ती प्रत्यक्षात एका नजरेत कधीच दिसत नाही. ही चित्रकाराने केलेली जुळवाजुळव आहे. थाळीची मागची, बहुतेक वेळा झिलई न दिलेली बाजू मात्र समोरून काढलेल्या चित्रात येत नाही, आणि वजनही येत नाही. भांड्याबद्दल निष्कर्ष काढताना या दोन उणिवा ध्यानात असाव्यात.

दहावी पायरी: एक लहानसा तुकडा स्वतः रंगवावा

चित्रकार नसलात तरी हे करावे. एका संध्याकाळचे काम आहे. ३०० ग्रॅमच्या जलरंगाच्या कागदावर तळहाताएवढा चौकोन आखावा आणि त्यात पिवळ्या गेरूचा, म्हणजे यलो ऑकरचा, पातळ वॉश द्यावा. एक ठिपका मात्र कोरा राखावा. वॉश पूर्ण वाळल्यावर बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगाने एक वाकडी रेघ एका दमात ओढावी. ती वाळली की तिच्या वरच्या डाव्या कडेला गडद तपकिरी धागा द्यावा आणि खालची उजवी कड तशीच सोडावी. शेजारी हिरव्याचा एक ठिपका देऊन ओल्या कुंचल्याने त्याची एकच कड विरघळवावी. सगळे वाळल्यावर अगदी पातळ मधाळ वॉश सर्वांवरून, ठिपका चुकवून, न घासता एकदाच फिरवावा. कुंचला दुसऱ्यांदा फिरवलात तर खालचे सिएना उठून पिवळ्यात मिसळेल आणि चौकोन मळकट होईल; पहिल्या खेपेला तो बहुतेकांचा होतोच.

तो मळका चौकोन पडद्याच्या कडेला टेकवून ठेवावा, पहिल्याच थाळीचे चित्र पुन्हा उघडावे, आणि या खेपेस टवक्यापासून सुरुवात करावी.